पोळ्याचे मातीचे बैल: सहा-सात आठवड्यांच्या नोंदी

आमची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. थोरली दहा वर्षांची, धाकटा सात. आम्ही लातूरला राहतो. शेत आणि आबांचं (माझ्या सासऱ्यांचं) घर औसा तालुक्यात आहे. दोन वर्षांमागं आबांनी हरण्या आणि पाखऱ्या ही देवणी जातीची बैलजोडी विकली. गुडघे चालेनात, आणि पेरणी-कोळपणी सगळी ट्रॅक्टरवर गेली. गेल्या पोळ्याला दावण रिकामी होती. यंदा धाकट्यानं विचारलं, "आपले बैलच नाहीत, तर पोळा कुणाचा करायचा?" त्यातून हे काम निघालं: आपल्याच शेतातल्या मातीचे बैल करायचे, भाजायचे, रंगवायचे आणि पोळ्याला पुजायचे.

बाजारात २०२४ मध्ये मातीची जोडी पन्नास-साठ रुपयांना मिळायची, हे मला माहीत होतं. घरी करताना काय काय बिघडतं, ते माहीत नव्हतं. मुलांसोबत कुणाला हेच करायचं असेल तर त्यांचे दिवस वाया जाऊ नयेत, म्हणून या नोंदी.

१८ जुलै २०२४, गुरुवार

काल आषाढी झाली. आज बांधाकडची काळी माती एक घमेलं भरून आणली, पाणी घालून तिंबली आणि लगेच बैल करायला बसलो. दोन तासांत सहा बैल उभे राहिले. माती लोण्यासारखी मऊ होती, म्हणेल तशी वळत होती. मुलं हरखून गेली. मी ते पत्र्यावर उन्हात ठेवले. दुपारभर चांगलं ऊन होतं.

२० जुलै, शनिवार

सहाच्या सहा फुटले. दोघांचे पाय सुटून पडले, एकाचं वशिंड टोपीसारखं निघून आलं. थोरलीनं पाठीवरच्या भेगांकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, "आई, हे तर उन्हाळ्यातलं शेत." अगदी खरं. मे महिन्यात आमच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच मातीच्या. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की तेवढीच आक्रसते. बैलाचे पाय बारीक, ते आधी वाळतात. पोट जाड, ते मागं राहतं. दोघांची ओढाताण होते आणि माती सांध्यात फाटते. त्यात मी ते उन्हात ठेवले, म्हणजे एक बाजू आणखी लवकर वाळली.

२१ जुलै, रविवार

गावी गेलो. आबांनी तुकडे हातात घेऊन पाहिले. "नुसत्या काळीचं काय व्हतंय? तिच्यात पांढरी घाला की."

पांढरी म्हणजे गावठाणातली माती, माळवदावर (जुन्या घरांच्या सपाट मातीच्या छतावर) टाकतात ती. आबा मुलांना परसात घेऊन गेले. तिथं जुन्या घराचा ढीग आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे भूकंपात ते माळवद बसलं. मी या घरात आल्यापासून त्या ढिगाला कुणी फावडं लावलेलं पाहिलं नाही. आबांनी स्वतः दोन टोपली माती काढून दिली, वरची काटक्या-कवलं बाजूला केली आणि एवढंच म्हणाले, "चाळून घ्या." मुलांनी पुढं काही विचारलं नाही. मीही नाही.

२२ जुलै, सोमवार

आता अंदाजानं काही करायचं नाही असं ठरवलं. पाच प्रकारे माती कालवून पाच पट्ट्या केल्या, बोटभर जाड आणि वीतभर लांब. प्रत्येकीवर बाभळीच्या काट्यानं बरोबर दहा सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा केल्या. पट्ट्या घरात सावलीत ठेवल्या, वरून ओलं गोणपाट. वाळल्यावर दोन खुणांमधलं अंतर मोजलं की कोणती माती किती आक्रसते ते कळतं. दुसरं काही करू नका, पण हे आधी करा. आम्ही आधी केलं असतं तर पहिला आठवडा वाचला असता.

वाळू शेजारच्या बांधकामावरून विचारून आणली. लीद वरातीची घोडी पाळणाऱ्या एकाकडून आणली. दोन्ही फुकट.

२७ जुलै, शनिवार

पट्ट्या वाळल्या. नुसत्या काळीची साडेआठ सेंटिमीटर उरली, म्हणजे दहात दीड गेले. वर धनुकलीसारखी वाकली. तीन वाट्या काळी आणि एक वाटी वाळू: ८.९. काळी आणि वाळू निम्मी-निम्मी: ९.३, सगळ्यांत कमी आक्रसली, पण त्या मातीचं शिंग वळायला घेतलं की तुटतं, मुलांच्या हाताला ती चालत नाही. काळी-पांढरी निम्मी-निम्मी: ९.०. दोन वाट्या काळी, दोन पांढरी, एक वाळू, एक चाळलेली सुकी लीद: ९.२, आणि एकही भेग नाही. शिंगही वळतं. हीच घेतली. लिदीतलं बारीक तुसकट धाग्यासारखं मातीला धरून ठेवतं.

टक्केवारी थोरलीला पुस्तकातून दोन महिने समजत नव्हती. आज तिनं पाचही पट्ट्यांची स्वतः काढली.

२८ जुलै, रविवार

लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत, मडकी-पणत्या घेऊन बसणाऱ्या एका कुंभार मावशींकडे गेलो. बैलांचा पहिला घाणा त्यांनी नुकताच काढला होता. एक जोडी साठ रुपयांना घेतली आणि आमची माती दाखवली. त्यांनी चिमूट चोळून पाहिली.

"मुरवली का?"

"म्हणजे कसं मावशी?"

"आवं, आज कालवली अन् आजच केली तर माती ऐकत न्हाई. आठ रोज भिजू द्यावं तिला. अन् खडा न्हाई ऱ्हाऊ द्यायचा. एक खडा सगळं वाटोळं करतो."

बैल उलटा करून त्यांनी पोट दाखवलं. आमच्या बैलाच्या निम्मंही जाड नव्हतं.

२९ जुलै ते ४ ऑगस्ट

काळी माती निवळायला घेतली. बादलीत भरपूर पाणी घालून ढवळायची, मुलांनी शंभरपर्यंत मोजायचं, खडे-वाळू खाली बसली की वरचं गढूळ पाणी जुन्या धोतरातून दुसऱ्या बादलीत ओतायचं. तळाला राहिलेल्या गाळात चुनखडीचे पांढरे खडे, मुळ्या आणि गोगलगाईंचे शंख निघाले. शंख धाकट्यानं धुऊन डबीत ठेवले.

पण दुसऱ्या बादलीतली माती खाली बसेना. एक दिवस, दोन, तीन. पाणी तसंच चहासारखं. काळ्या मातीचे कण इतके बारीक की ते पाण्यातच तरंगत राहतात. चौथ्या दिवशी आईचा फोन आला, तिला सहज सांगितलं. ती म्हणाली, "पावसाळ्यात नळाचं पाणी गढूळ आलं की काय करतीस? तुरटी फिरव." दोन वेढे फिरवले, आणि तासाभरात वर नितळ पाणी, खाली जाड साय. तीन दिवस नुसते वाट पाहण्यात गेले होते.

वरचं पाणी काढून ती साय धोतरात बांधली आणि श्रीखंडाच्या चक्क्यासारखी न्हाणीघरात खुंटीला टांगली. दीड दिवसात माती कणकेइतकी घट्ट झाली.

पांढरी मात्र मी निवळली नाही. गव्हाच्या चाळणीनं चाळली (चाळणी नवी घेतली, ९० रुपये) आणि पुरे म्हटलं. कंटाळा केला. ते पुढं नडलं.

५ ऑगस्ट, सोमवार

माती कालवून दुसरा घाणा केला. नऊ बैल.

अवयव जोडण्याची रीत लिहून ठेवते, कारण पहिल्या वेळी आम्ही नुसतं दाबून चिकटवत होतो. जिथं जोडायचं त्या दोन्ही बाजूंना काट्यानं उभे-आडवे चरे पाडायचे, मध्ये पातळ चिखल लावायचा, दाबून किंचित फिरवायचं, मग शिवणीवर बारीक वळी ठेवून बोटानं एकजीव करायची. अशा जोडीचा एकही पाय नंतर सुटला नाही. शिंगं आधी करून ठेवली तर ती वाळतात आणि ओल्या डोक्याला धरत नाहीत, म्हणून ती शेवटी करा. बाभळीचा काटा हे सगळ्यांत कामाचं हत्यार ठरलं: डोळा, नाकपुडी, वेसणीचं भोक, सगळं त्यानंच.

देवणीचे कान लोंबते असतात. थोरलीनं ते लक्षात ठेवून केले. धाकट्याच्या बैलाचा एक पाय आखूड होता, एक शिंग बोटाएवढं जाड. पोटावर त्यानं अंगठा दाबून ठसा उमटवला आणि सांगितलं, "हा हरण्या."

७ ऑगस्ट, बुधवार

ही नोंद लिहायला मला दोन दिवस लागले.

परवा रात्री मुलं झोपल्यावर मी बैलांवर पाणी शिंपडायला गेले. धाकट्याचा हरण्या एका बाजूला कलला होता. वाटलं, वाळताना पडेल, पाय मोडेल, मग रडेल. म्हणून पाय सारखे केले. पाय केले तर शिंग डोळ्यांत खुपायला लागलं, तेही बारीक केलं. ओला हात फिरवून अंग गुळगुळीत केलं. बैल खरंच छान दिसायला लागला.

सकाळी त्यानं तो उचलला, सरळ उलटा केला आणि पोट पाहिलं. "ह्याच्यावर माझा अंगठा नाही." मी म्हटलं, अरे तुझाच आहे, मी फक्त पाय नीट केले. त्यानं तो जागेवर ठेवला आणि मातीच्या पाटाला पाठ करून बसला. आज पाट मांडला तरी तो आला नाही. मी त्याची माफी मागितली. त्यानं मान हलवली, पण हात लावला नाही.

मूल करतंय त्यात रात्री हात घालू नका. बैल कलला तर त्याच्याखाली मातीचा गोळा टेकण म्हणून ठेवता आला असता, आणि तोही सकाळी त्यालाच विचारून.

९ ऑगस्ट, नागपंचमी

आज माती उकरायची नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. कामाला सुट्टी. धाकटा अजून लांबच.

१५ ऑगस्ट, गुरुवार

ह्यांना सुट्टी होती म्हणून भाजायला आजचा दिवस धरला. शेताच्या कडेला वीतभर खोल खड्डा, तळाला गोवऱ्या, त्यावर बैल, वर पुन्हा गोवऱ्या आणि तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या). गोवऱ्या ८० लागल्या, तीन रुपयांना एक. खालून पेटवलं. तुराट्या भडाभडा पेटल्या, ज्वाळा पुरुषभर.

दहा मिनिटांत पहिला आवाज आला, फट्. मग दुसरा. थोरली माझा हात धरून मोजत होती. पाच आवाज झाले.

वरून वाळलेले दिसत असले तरी पोटात ओल होती. दहा दिवस झाले म्हणून वाळले असतील, हा हिशेब पावसाळ्यात चालत नाही. आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली आणि तिला बाहेर यायला वाट नव्हती. बैल भरीव होते, त्यांना भोकही नव्हतं. मावशींनी पोट दाखवलं होतं; मी पाहिलं, पण त्यामागचं कारण विचारलं नाही.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

उरलेल्या चारांपैकी दोन तांबूस, दोन काळपट. चौघांना पाण्यात बुडवलं. तांबूस दोघं तसेच राहिले. काळपट दोघं तासाभरात बादलीत बसले, पुन्हा चिखल. ते कडेला होते, तिथं आच कमी पडली. मातीतलं शेवटचं बांधलेलं पाणी निघून जायला साधारण सहाशे अंशांची आच लागते; त्याआधी माती फक्त सुकते, भाजली जात नाही.

नऊ गेले, दोन आले. त्या दोनांत थोरलीचा एक. मी सारखा केलेला हरण्या फुटला.

१८ ऑगस्ट, रविवार

मुरुड-ढोकीमार्गे तेरला गेलो. पेट्रोल ३०० रुपये. तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल भडोच बंदरात जायचा. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती आहेत. त्या काळी दोन साच्यांत दोन अर्ध्या बाजू दाबून काढायचे आणि मग त्या जोडायचे. आतून पोकळ. थोरली काचेला नाक लावून शिवण शोधत होती. "म्हणजे त्यांचेपण आधी फुटले असणार," ती म्हणाली, "म्हणून पोकळ करायला लागले."

मग गोरोबाकाकांच्या समाधीला गेलो. थापटण्याची गोष्ट मुलांना ठाऊक होती: मुक्ताईनं विचारलं, यातलं कच्चं मडकं कोणतं, आणि गोरोबाकाकांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं. देवळाच्या पायरीवर धाकट्यानं खिशातून आमचा तांबूस बैल काढला, नखानं वाजवला. खण्ण. दहा-बारा दिवसांत त्यानं बैलाला पहिल्यांदा हात लावला होता. घरी आल्यावर त्यानं कच्च्या पट्टीवर वाजवून पाहिलं. थप्प. भाजलं की नाही हे पाण्यात न बुडवता कळण्याची आमची रीत आता हीच.

१९ ते २१ ऑगस्ट

तेरसारखं साच्यानं करून पाहिलं. मावशींच्या बैलावर राख लावून माती दाबली आणि दोन साचे काढले. साचा कच्चा, दोन दिवसांत नीट वाळला नाही, आणि आत दाबलेली माती त्यालाच चिकटून बसली. दोन दिवस गेले. साचा करायचा तर तो आधी भाजून घ्यावा लागेल; तेवढा वेळ हाताशी नव्हता.

पण त्या साच्यात माती दाबली ती धाकट्यानं. बाहेर काढलेल्या मोडक्या अर्ध्या भागाची आतली बाजू तो बराच वेळ पाहत होता. तिथं त्याच्या बोटांचे पाच-सहा खळगे होते.

मग सोपं केलं. बैल भरीव करायचा, तासाभरानं थोडा आवळला की दोऱ्यानं पोटातून आडवा कापायचा, दोन्ही भाग चहाच्या चमच्यानं कोरायचे, अर्ध्या बोटाएवढी जाडी ठेवायची, चरे पाडून, चिखल लावून जोडायचे. पोटाखाली काट्यानं आरपार भोक. बारा बैल केले, त्यातले पाच धाकट्याचे. जोडण्याआधी तो प्रत्येकाच्या आत अंगठा दाबत होता.

"बाहेरचं पुसलं तरी चालतंय," तो मला म्हणाला. "आत तुझा हात जात नाही."

मी काही बोलले नाही. चमचा धुऊन त्याच्याकडं दिला.

२५ ऑगस्ट, रविवार

या वेळी दिवस मोजले नाहीत, वजन केलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज संध्याकाळी बाराही बैल, वहीत आकडे. थोरलीचा मोठा बैल २१४ ग्रॅमवर सुरू झाला. १८१, १६९, १६४, १६३, आणि आज पुन्हा १६३. वजन दोन दिवस हललं नाही म्हणजे बाहेर जाण्यासारखं पाणी गेलं. वजनकाटा नसेल तर बैल गालाला लावा. गार लागला तर आत ओल आहे. आबांनी तो तसाच लावून पाहिला आणि काटा म्हणाला तेच सांगितलं.

२८ ऑगस्ट, बुधवार

दुसरं भाजणं. पाऊस उघडला होता. १२० गोवऱ्या.

सकाळी आठला फक्त निखारे केले, त्यावर जुना पत्रा आणि पत्र्यावर बैल. तीन तास शेकले, दर पंधरा मिनिटांनी चिमट्यानं वळवून. मुलं दोरीच्या अलीकडं, पाण्याच्या दोन बादल्या जवळ. मग राखेचा थर, त्यावर बैल एकमेकांना न टेकता, भोवती फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या, म्हणजे ज्वाळा थेट लागत नाही. वर गोवऱ्या उभ्या रचल्या आणि या वेळी वरून पेटवलं. आग वरून खाली हळू उतरते. तुराट्या घातल्याच नाहीत. दुपारी सगळं लाल झाल्यावर वरून राख लोटून झाकलं.

सगळे कान देऊन बसलो होतो. एकही आवाज आला नाही.

रात्री उघडायचा फार मोह झाला. उघडलं नाही, गरम बैलाला गार वारा लागला तरी तो तडकतो.

२९ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी राख बाजूला केली. बारांपैकी अकरा धड, एकाचा कान गेला. मधले विटेसारखे लाल, कडेचे दोन धुरानं काळे. धाकट्यानं एकेक वाजवला. खण्ण, खण्ण, खण्ण. एक जरा दबका वाजला. तो पाण्यात टाकला, टिकला.

काळ्या मातीतून लाल बैल कसा आला, हे थोरलीनं विचारलं. आमच्या मातीत लोह आहे. मोकळ्या हवेत आच लागली की ते गंजासारखं तांबडं होतं, आणि जिथं धूर कोंडला तिथं काळं राहतं.

३१ ऑगस्ट, शनिवार

दोन दिवस रंगवणं चाललं होतं. पांढऱ्यासाठी आधी रांगोळी वापरली, ती खरखरीत, बसत नाही. मग खडूची पूड आणि डिंकाचं पाणी. ते छान बसतं. गेरू, काजळी, बेगड धरून ११० रुपये.

आबांनी तीन पांढरे बैल समोर मांडून मुलांना देवणीचे प्रकार शिकवले. अंग पांढरं आणि तोंड काळं तो वानेरा. अंगभर काळे ठिपके विखुरलेले तो शेवरा. वरून पांढरा आणि पोटाखाली ठिपके तो बालंक्या. आमचा हरण्या वानेरा होता, पाखऱ्या शेवरा. उरलेले लाल बैल पाहून आबा म्हणाले, "ह्यास्नी कशाला रंग लावायलेत? हे लाल कंधारी हायती. तसेच ऱ्हाऊ द्या." लाल कंधारी ही तांबड्या बैलांची जात. म्हणून सहा बैल बिनरंगाचे ठेवले, फक्त शिंगांना बेगड.

आज दुपारी थोरलीच्या पाखऱ्याच्या वशिंडाचा टवका उडाला. कुणी हात लावला नव्हता. खळग्यात मध्यभागी मोहरीएवढा पांढरा दाणा. मावशींचा खडा. चुनखडी आचेत भाजली की तिचा कळीचा चुना होतो, तो हवेतली ओल शोषतो, फुगतो आणि वरची माती उडवतो. उरलेली पांढरी माती पाण्यात निवळून तळाचे दाणे काढले, त्यांवर लिंबू पिळलं, फसफसले. म्हणजे माझ्या गव्हाच्या चाळणीतून निसटलेले. पाखऱ्या आगीच्या बरोबर मधोमध होता, तिथं आच सगळ्यांत जास्त.

थोरली रडली. तिनं त्यावर तीन दिवस घालवले होते. नंतर तिनंच खळग्यात गेरू भरला आणि म्हणाली, हे जुवाचं घट्टं. तुम्ही करणार असाल तर पांढरीही निवळून घ्या. आणि भाजून गार झालेले बैल आधी चांगले पाण्यात भिजवून काढा; उरलासुरला चुना तिथंच विरतो असं कुंभारमावशींनी आज सांगितलं. कडेचे बैल आम्ही लगेच भिजवले. ते अजून धड आहेत.

१ सप्टेंबर, रविवार

खांदेमळणी, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळायचे. दिवसभर पाऊस. आबांनी हळद-तुपाचं बोट मातीच्या बैलांच्या खांद्यांना लावलं, हरण्या-पाखऱ्याला लावायचे तसंच, वशिंडाच्या पुढं दोन्ही बाजूंना. मग मुलांकडून म्हणवून घेतलं: "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

२ सप्टेंबर, पोळा

पावसामुळं मारुतीला बैल कमीच आले. आमचे अकरा टोपलीत, वर प्लॅस्टिक. पारावर दोघातिघांनी टोपलीत डोकावून "हे कुणी केले?" विचारलं, तेव्हा धाकट्यानं "आम्ही" म्हटलं आणि एक बैल उलटा करून भोक दाखवलं. घरी पूजा, पुरणपोळीचा घास. संध्याकाळी आबांनी मातीचा हरण्या उचलला आणि गोठ्यात दावणीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला, जिथं खरा हरण्या बांधायचे. तो तिथंच आहे.

८ सप्टेंबर, रविवार

हिशेब: चाळणी ९०, गोवऱ्या ६००, पेट्रोल ३००, रंग ११०, मावशींची जोडी ६०. एकूण ११६० रुपये. वाया गेलेले दिवस मोजले तर किमान सोळा.

फुटलेल्या भाजक्या बैलांची खापरं आज दोघांनी वरवंट्यानं कुटली. पुढच्या वेळी वाळूऐवजी हा चुरा घालणार आहोत. तो एकदा आक्रसून झालाय, पुन्हा आक्रसत नाही, आणि त्यात नवे खडे येण्याची भीती नाही. कच्चे तुकडे आणि उरलेली माती बादलीत भिजत घातली आहे. पांढरी निवळून घातली. वर ओलं गोणपाट, त्यावर धाकट्यानं कोळशानं तारीख लिहिलेली फरशी.